अध्यापनाचे मूल्यमापन कोणी करावे? : विद्यार्थी व सहकारी प्रत्याभरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाच्या अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचे आणि सहकारी अध्यापकांचे मत पद्धतशीरपणे नोंदवून घेण्याची प्रथा आपल्याकडे मुख्यत्वे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, स्थापनेनंतर रूढ झाली. त्यामुळे ही प्रथा अगदी अलीकडची, बाहेरून आलेली आणि कागदपत्रांच्या पूर्ततेपुरती आहे, असा समज अध्यापकवर्गात आढळतो. काहींना ती गुरूच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी वाटते, तर काहींना तीच गुणवत्तेची एकमेव हमी वाटते. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही मते अपुरी ठरतात. अध्यापकाला विद्यार्थ्यांसमोर उत्तरदायी ठरविण्याची परंपरा युरोपातील विद्यापीठांइतकीच जुनी आहे, आणि तिचे दोषही तितकेच जुने आहेत.

प्रस्तुत लेखात या परंपरेतील काही प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारले आहेत : मत कोणाचे घेतले जात होते, ते कशाविषयी होते, आणि त्या मताचा अध्यापकाच्या उपजीविकेवर काय परिणाम होत होता. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कारण प्रत्याभरणाची सांगड वेतनाशी किंवा नोकरीशी घातली गेली, की त्याचे स्वरूप पालटते, असे या इतिहासात वारंवार दिसून येते.

बोलोन्या : विद्यार्थ्यांच्या हाती अध्यापकाचे वेतन

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ मध्ये मानली जाते. तेथे कायद्याच्या अभ्यासासाठी आल्प्सपलीकडून व इटलीच्या विविध भागांतून विद्यार्थी येत. त्यांपैकी बरेच जण प्रौढ, संपन्न घरांतील, तर काही चर्चमधील पदे भूषविणारे होते. परक्या शहरात त्यांना नागरिकत्वाचे संरक्षण नव्हते. घरभाडे, वस्तूंचे दर आणि कायद्याचे संरक्षण यांसाठी त्यांनी आपले संघ उभारले. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्सपलीकडील आणि अलीकडील विद्यार्थ्यांचे असे दोन प्रमुख संघ स्थिरावले होते. ‘विद्यापीठ’ या अर्थाचा लॅटिन शब्द मुळात अशा संघासाठीच वापरला जात असे. या संघांचे प्रमुख, म्हणजे रेक्टर, हे विद्यार्थीच असत.

आरंभीच्या काळात अध्यापकांचे उत्पन्न विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या शुल्कावर अवलंबून होते. साहजिकच संघांना अध्यापकांवर नियंत्रण प्रस्थापित करता आले. १३१७ मध्ये संकलित झालेल्या आणि पुढे सुधारल्या गेलेल्या संघाच्या नियमांतून या नियंत्रणाचे तपशील समजतात. अध्यापकाला रेक्टरच्या आज्ञापालनाची शपथ घ्यावी लागे. एका दिवसाच्या गैरहजेरीसाठीही परवानगी आवश्यक असे. घंटेनंतर व्याख्यान सुरू करणे अथवा ठरलेल्या वेळेपुढे लांबविणे, हे दोन्ही दंडास पात्र होते. ग्रंथातील कठीण भाग शेवटी पाहू म्हणून टाळण्यास मनाई होती. अभ्यासग्रंथाचे ठरावीक भाग पाडून प्रत्येक भाग अमुक दिवसापर्यंत पूर्ण झालाच पाहिजे असे बंधन होते. दंडाची वसुली सुकर व्हावी म्हणून वर्षारंभी अध्यापकाकडून एका सराफाकडे अनामत रक्कम ठेवून घेतली जाई. नियमित व्याख्यानाला पाचांपेक्षा कमी श्रोते आले तर अध्यापक गैरहजर होता असे समजून दंड होई. शिवाय अध्यापकांवर लक्ष ठेवून त्यांच्या नियमभंगाची खबर रेक्टरला देण्यासाठी काही विद्यार्थ्यांची गुप्तपणे नेमणूक केली जात असे.

वरवर पाहता हे विद्यार्थ्यांचे निरंकुश राज्य वाटते. परंतु दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, विद्यार्थ्यांचे नियम वेळ, गती, पूर्तता आणि उपस्थिती यांपुरतेच मर्यादित होते. अध्यापकाचे कायद्याचे ज्ञान कितपत सखोल आहे, त्याचा अन्वयार्थ ग्राह्य आहे की नाही, हा निवाडा विद्यार्थी करीत नसत. परीक्षा घेण्याचा आणि नव्या पंडितांना आपल्या पंक्तीत बसविण्याचा अधिकार पंडितांच्या स्वतंत्र मंडळाकडेच राहिला. १२१९ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने अध्यापनाचा परवाना देताना बोलोन्याच्या आर्चडीकनची संमती अनिवार्य केली. तरीही योग्यतेची प्रत्यक्ष पारख पंडितांनीच करावयाची होती. आजच्या भाषेत सांगायचे तर वर्गातील व्यवहाराविषयी विद्यार्थ्यांचे प्रत्याभरण आणि विद्वत्तेविषयी सहकाऱ्यांचे समीक्षण, अशी विभागणी तेथे प्रत्यक्षात अस्तित्वात होती.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १२८० च्या सुमारापासून बोलोन्याच्या नगरशासनाने काही अध्यापकांचे वेतन देण्यास प्रारंभ केला. चौदाव्या शतकात ही पद्धत विस्तारली आणि अध्यापकांच्या नियुक्त्या व देखरेख नगराने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेली. विद्यार्थ्यांच्या संघांचे नियम पुस्तकांत राहिले, पण त्यांचा धाक उरला नाही. विद्यार्थ्यांची मते बदलली नव्हती. बदलला होता तो वेतन देणारा हात.

पॅरिस : विद्यार्थ्यांचा निषेध आणि अध्यापकांचा ठराव

पॅरिसची रचना याच्या नेमकी उलट होती. तेथील विद्यापीठ हा अध्यापकांचा संघ होता आणि अध्यापनाच्या पद्धतीविषयी निर्णय अध्यापकच सामूहिकपणे घेत. १३५५ मध्ये कला विद्याशाखेने एक ठराव करून, विद्यार्थ्यांना शब्दशः उतरवून घेता येईल अशा संथ गतीने सांगण्याची पद्धत बंद केली. ओघवत्या वाणीनेच व्याख्यान द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. या बदलाला विद्यार्थी विरोध करणार याची ठराव करणाऱ्यांना पूर्ण कल्पना असावी, कारण आरडाओरडा करणारे, शीळ घालणारे, दगड फेकणारे किंवा आपल्या नोकरांकरवी तसे करविणारे विद्यार्थी शिक्षेस पात्र ठरतील अशी तरतूदही त्यात होती.

या ठरावामागे शैक्षणिक विचार होता. केवळ उतरवून घेणारा विद्यार्थी विचार करीत नाही, हे अध्यापकांचे म्हणणे आजही पटण्याजोगे आहे. परंतु ग्रंथ दुर्मिळ व महाग असणाऱ्या त्या काळात विद्यार्थ्याला हाती टिपणे हवी होती, हेही तितकेच खरे. आपले म्हणणे मांडण्याचा सनदशीर मार्ग नसल्याने त्याला शीळ आणि दगड हेच मार्ग उरले. प्रत्याभरणाची व्यवस्था नसली म्हणून प्रत्याभरण थांबत नाही, ते केवळ असभ्य रूप धारण करते, हे पॅरिसच्या या ठरावातून दिसते. आपल्याकडे वर्गातील रिकामी बाके आणि खासगी शिकवणीकडे वळणारी पावले हेही एक प्रत्याभरणच होय. ते नोंदविले जात नाही, इतकेच.

निकालानुसार अनुदान : एक वसाहतकालीन धडा

विद्यार्थ्याचे मत विचारण्याऐवजी त्याचा परीक्षेतील निकाल हाच अध्यापनाचा पुरावा मानावा, असा विचार एकोणिसाव्या शतकात प्रबळ झाला. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या उपस्थितीशी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेशी जोडले. या पद्धतीची छाया भारतातही पडली. मुंबई इलाख्यातील अनुदानाच्या नियमांतही निकालानुसार अनुदानाचे तत्त्व १८६० च्या दशकात आले. निरीक्षक येणार, मुलांना तपासणार आणि त्यावर शाळेची रक्कम ठरणार, अशी ही व्यवस्था होती.

तिचे परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाले. जे तपासले जाते तेवढेच शिकवायचे आणि निरीक्षकाच्या भेटीपूर्वी घोकंपट्टी करून घ्यायची, ही वृत्ती बळावली. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली, तर भारतात लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावात तिचा त्याग करण्याची भूमिका घेतली गेली. हा अनुभव प्राथमिक शिक्षणातील असला तरी त्यातील धडा महाविद्यालयांनाही लागू पडतो. मापनाच्या साधनाला पैसा चिकटला, की माणसे अध्यापन सुधारण्याऐवजी मापन सांभाळू लागतात.

विसावे शतक : प्रश्नावलीचा उदय

आधुनिक अर्थाने ज्याला विद्यार्थी प्रत्याभरण म्हणतात त्याचा उगम १९२० च्या दशकातील अमेरिकेत झाला. त्याचे दोन स्वतंत्र झरे होते. हार्वर्ड येथे ‘क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाने १९२५ पासून अभ्यासक्रमांविषयीची ‘गोपनीय मार्गदर्शिका’ काढण्यास सुरुवात केली. ती विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली होती आणि तिची भाषा अनेकदा बोचरी असे. दुसरीकडे पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने अध्यापकांसाठी पदनिश्चयन श्रेणी तयार केली आणि १९२७ पासून तिच्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. वॉशिंग्टन विद्यापीठात एडविन गथ्री यांचे याच दिशेने काम चालू होते.

रेमर्स यांच्या श्रेणीमागील भूमिका नम्र होती. विद्यार्थी अध्यापकाविषयी काय समजतात हे अध्यापकाला कळावे आणि त्याने आपल्या कामात सुधारणा करावी, हा तिचा हेतू होता. विद्यार्थ्यांची मते क्षणिक लहरीतून आलेली असतात, या आक्षेपाचीही त्यांनी तपासणी केली. १९५१ मध्ये ड्रकर व रेमर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वर्षांपूर्वीच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच अध्यापकांविषयी दिलेली मते तत्कालीन विद्यार्थ्यांच्या मतांशी बऱ्याच अंशी जुळणारी आढळली.

१९६० च्या दशकातील विद्यार्थी चळवळींनी या साधनाला वेगळे वळण दिले. अध्यापनाविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी मागणी पुढे आली आणि विद्यापीठ प्रशासनांनी ती मान्य करता करता प्रश्नावली आपल्या ताब्यात घेतली. पीटर सेल्डिन यांच्या पाहण्यांनुसार अध्यापकांच्या मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांची मते नियमितपणे वापरणाऱ्या अमेरिकी उदारमतवादी महाविद्यालयांचे प्रमाण १९७३ मध्ये २९ टक्के, १९८३ मध्ये ६८ टक्के आणि १९९३ मध्ये ८६ टक्के होते. अध्यापकाच्या टेबलावरचा कागद वीस वर्षांत निवड व पदोन्नती समितीच्या टेबलावर गेला. हे स्थलांतर हाच या इतिहासातील निर्णायक क्षण होय.

संशोधनाची साक्ष

कागदाचे स्थान बदलताच त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न ऐरणीवर आला. १९७० मध्ये एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने तज्ज्ञ म्हणून सादर करण्यात आले. विरोधाभास, निरर्थक शब्द आणि विनोद यांनी भरलेले व्याख्यान त्याने रुबाबात दिले आणि श्रोत्यांनी त्याला अनुकूल अभिप्राय दिला. नाफ्टुलिन, वेअर आणि डॉनेली यांनी १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी बाह्य आकर्षणाला भुलतात, याचा दाखला म्हणून हा प्रयोग आपल्याकडेही सांगितला जातो. मात्र पहिल्या व्याख्यानाचे श्रोते विद्यार्थी नव्हते. ते मानसोपचार, मानसशास्त्र आणि समाजकार्य या क्षेत्रांतील शिक्षक होते, ही बाब सहसा वगळली जाते. म्हणजेच भुलण्याचा दोष विद्यार्थ्यांचा एकट्याचा नाही. विषयाची पूर्वतयारी नसलेला सहकारीही तितकाच भुलतो.

पुढील संशोधनाचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. पीटर कोहेन यांनी १९८१ मध्ये ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून विद्यार्थ्यांची मते व त्यांचे अध्ययन यांत मध्यम स्वरूपाचा धन सहसंबंध दाखविला. २०१७ मध्ये उट्ल व सहकाऱ्यांनी अशाच अभ्यासांचे पुनर्विश्लेषण करून, लहान नमुन्यांचा प्रभाव वगळता असा सहसंबंध उरत नाही, असे प्रतिपादन केले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील माहितीवर आधारलेला कॅरेल व वेस्ट यांचा २०१० मधील अभ्यास विशेष उद्बोधक आहे. तेथे विद्यार्थ्यांना अध्यापक निवडण्याची मुभा नसते आणि परीक्षा समान असतात. चालू अभ्यासक्रमात चांगले गुण मिळवून देणाऱ्या अध्यापकांना विद्यार्थ्यांनी अनुकूल मते दिली. पुढील प्रगत अभ्यासक्रमांत मात्र ज्यांचे विद्यार्थी सरस ठरले, त्या अध्यापकांना तुलनेने कमी पसंती मिळाली होती. पाया खोल खणणाऱ्याचे श्रेय पाया खणताना दिसत नाही.

पूर्वग्रहाचा मुद्दाही गंभीर आहे. मॅकनेल, ड्रिस्कॉल व हंट यांच्या २०१५ मधील प्रयोगात ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या अध्यापकांनी काही गटांना आपली ओळख विरुद्ध लिंगाची सांगितली. प्रत्यक्षात कोणीही शिकविले तरी ज्याला विद्यार्थी पुरुष समजले त्याला अधिक अनुकूल मते मिळाली. नमुना लहान होता, परंतु प्रश्न मोठा होता. कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी पदोन्नती व कायम नियुक्तीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्याकरिता विद्यार्थ्यांच्या पदनिश्चयनाचा उपयोग करू नये, असा निर्णय दिला. त्याच वेळी विद्यार्थ्यांना आपल्या अनुभवाविषयी सांगण्यासारखे बरेच असते, हेही त्यांनी मान्य केले. बोलोन्यातील जुनी विभागणी येथे नव्या शब्दांत परत आलेली दिसते.

सहकाऱ्यांचे समीक्षण

संशोधन करणारा प्राध्यापक आपला लेख समव्यावसायिकांच्या परीक्षणाला सादर करतो, पण वर्गाचे दार मात्र बंद ठेवतो, ही विसंगती ली शुलमन यांनी १९९३ मध्ये नेमकेपणाने मांडली. अध्यापन ही विद्वत्समूहाची सामायिक मालमत्ता झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९९० मध्ये अर्नेस्ट बॉयर यांनी अध्यापनालाही विद्वत्तेचा दर्जा देण्याची मागणी केली होती. या विचारातून अमेरिकेत सहकारी समीक्षणाचे स्वेच्छाधारित प्रकल्प उभे राहिले. एकमेकांचे तास पाहणे, पाठ्यक्रमाची मांडणी आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका यांवर चर्चा करणे, असे त्यांचे स्वरूप होते.

इंग्लंडमध्ये मात्र हेच साधन शासकीय गुणांकनाशी जोडले गेले. १९९५ ते २००१ या काळात बाहेरून आलेले समव्यावसायिक समीक्षक विभागाला भेट देत, तास पाहत आणि सहा निकषांवर प्रत्येकी चारपैकी, असे एकूण २४ गुण देत. कागदपत्रांचे ओझे वाढले, २४ पैकी २४ मिळविण्याची स्पर्धा लागली आणि विद्यापीठांच्या तक्रारींनंतर ही पद्धत गुंडाळावी लागली. विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीचे जे झाले, तेच सहकाऱ्यांच्या समीक्षणाचेही झाले.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अध्यापकांच्या मूल्यमापनाची खुली, सहभागावर व माहितीवर आधारलेली व्यवस्था निर्माण करण्याचा संकल्प होता. १९९४ मध्ये बंगळुरू येथे नॅकची स्थापना झाली आणि त्यानंतर विद्यार्थी प्रत्याभरणाचे नमुने महाविद्यालयांतून तयार होऊ लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि अध्यापनालाही गुणांच्या चौकटीत बसविले. २०१८ च्या विनियमांत अध्यापनाची प्रतवारी मुख्यतः घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवर ठेवण्यात आली : ८० टक्के व अधिक तास घेतल्यास ‘चांगले’, ७० ते ८० टक्क्यांपर्यंत ‘समाधानकारक’. तासांची पूर्तता मोजणारा हा निकष बोलोन्याच्या दंडसंहितेला फारसा परका नाही. दरम्यान नॅकने २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण समाविष्ट करून विद्यार्थ्यांशी थेट ई-मेलद्वारे संपर्क साधला. संस्थेच्या मध्यस्थीवाचून विद्यार्थ्याचे मत घेण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा होता. परंतु ‘समाधान’ हा ग्राहकव्यवहारातील शब्द असून अध्ययनाशी त्याचे नाते सरळ नाही, हे वर उल्लेखिलेल्या संशोधनावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे एकाच विभागात, एकाच फळ्यासमोर दोन प्रकारचे अध्यापक उभे असतात. एक कायम सेवेतील, तर दुसरा घड्याळी तासिका तत्त्वावरील. प्रश्नावली दोघांसाठी सारखीच असते, परंतु तिचे वजन सारखे नसते. कायम अध्यापकाच्या बाबतीत प्रतिकूल अभिप्रायाची परिणती बहुधा एखाद्या सौम्य सूचनेत होते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नियुक्ती मात्र दरवर्षी नव्याने होत असल्याने तोच अभिप्राय त्याच्या पुढील वर्षाच्या चरितार्थाला धक्का देऊ शकतो. अशा अध्यापकाने कठीण घटक टाळला, अंतर्गत गुण सढळ हाताने दिले किंवा वर्गातील बेशिस्तीकडे डोळेझाक केली, तर दोष केवळ त्याचा मानता येणार नाही. शुल्कावर जगणाऱ्या बोलोन्याच्या अध्यापकाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. फरक इतकाच की, बोलोन्याच्या अध्यापकाला त्याच्या पंडितमंडळाचा आधार होता. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या पाठीशी असे मंडळ नाही.

सहकारी समीक्षणाच्या बाबतीतही हीच अडचण आहे. विभागप्रमुख जेव्हा तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचा तास पाहतो, तेव्हा ते समीक्षण न राहता निरीक्षण होते. त्याच विभागप्रमुखाचा तास त्या तरुण सहकाऱ्याने पाहावा आणि मोकळेपणाने बोलावे, अशी व्यवस्था विरळाच आढळते. समीक्षण परस्परांचे नसेल, तर ते सहकाऱ्याचे नव्हे, वरिष्ठाचे होय.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, विद्यार्थी हा वर्गात काय घडले याचा सर्वोत्तम साक्षीदार आहे. तास वेळेवर सुरू झाला का, विवेचन समजले का, प्रश्न विचारण्यास वाव मिळाला का, तपासलेल्या उत्तरपत्रिका परत मिळाल्या का, हे त्याच्याइतके कोणीही सांगू शकत नाही. मात्र साक्षीदाराला न्यायाधीश करणे उचित नव्हे. दुसरी, आशयाची अचूकता, वाचनाची अद्ययावतता आणि प्रश्नपत्रिकेचा दर्जा यांविषयी बोलण्याचा अधिकार विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याचा आहे, आणि तो परस्परांना समान असावा. तिसरी, विद्यार्थ्यांचे असो वा सहकाऱ्यांचे, प्रत्याभरण अध्यापकाच्या स्वतःच्या सुधारणेसाठी असेल तोवरच प्रामाणिक राहते.

यावरून काही व्यवहार्य सूचना करता येतील. सत्राच्या मध्यावर घेतलेले, केवळ अध्यापकापुरते राहणारे प्रत्याभरण सत्राअखेरच्या गुणांकनाहून अधिक उपयुक्त ठरेल, कारण मत देणाऱ्या विद्यार्थ्यालाच त्याचा लाभ मिळेल. केवळ प्रश्नावलीच्या सरासरीवरून तासिका तत्त्वावरील अध्यापकाची पुनर्नियुक्ती नाकारली जाऊ नये, असा ठराव प्रत्येक महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने करण्यास हरकत नसावी. त्याचप्रमाणे, विभागातील ज्येष्ठतम अध्यापकाने आपला तास सर्वप्रथम इतरांसाठी खुला करावा. नियम करून हे साधणार नाही, पण वडीलधाऱ्यांच्या वर्गाचे दार एकदा उघडले की इतरांना आपले दार लावून घेणे अवघड जाईल.